पिस्तुलाचं कव्हर आणि मागचा खिसा

प्रश्न : माझ्या मुलाने (वय 19) ऑनलाइन मोबाईलचं कव्हर मागवलंय, हुबेहूब पिस्तूल, मूठ, ट्रिगर सगळं. फोन मागच्या खिशात ठेवला की मूठ बाहेर, बघणाऱ्याला वाटतं ह्याने पिस्तूलच खोचलंय. पुढच्या महिन्यात विमानाने बेंगळुरूला चाललाय. काही बोललं की म्हणतो प्लास्टिक तर आहे, आई तू उगाच टेन्शन घेतेस. हे कायद्याने चालतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, टेन्शन उगाच नाहीये. लायसन वगैरे लागत नाही कारण ते शस्त्र नाही, पण 1959 च्या शस्त्र कायद्यात नकली बंदूकही आहे बरं का, गोळी सुटो न सुटो, दिसायला बंदूक असली की झालं, आणि अटक टाळायला ती वापरली तर कलम 28 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. तुमचा मुलगा असलं काही करणार नाही हो. पण उद्या नाक्यावर पोलिसाने हटकलं आणि हा ‘अहो फोन आहे’ म्हणत मागे हात घालायला गेला तर समोरच्याला फोन नाही, मूठ दिसते.

हीच कव्हरं 2015 मध्ये अमेरिकेत विकायला आली तेव्हा तिथल्या पोलिसांनी घेऊ नका म्हणून बजावलं होतं. कारण होतं त्याला, आदल्याच नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला एक 12 वर्षांचा मुलगा पार्कमध्ये खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता, पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत गोळी झाडली, पोरगं गेलं. खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोक असतं तिथे, ह्या पिस्तुलाचं ते निघालेलं होतं.

विमानाचं म्हणाल तर नकली बंदूक केबिनमध्ये चालत नाही, ते कव्हर घरीच राहू दे.

बंदुकीसारखी वस्तूच नको असं माझं म्हणणं नाही हां. फिलिप स्टार्क ह्या फ्रेंच डिझायनरने 2005 मध्ये फ्लॉस ह्या इटालियन कंपनीसाठी दिवे केले, पलंगाशेजारच्याला बेरेटा पिस्तूल, टेबलावरच्याला एके-47, जमिनीवर उभा राहतो त्याला एम-16, सोनेरी बंदूक आणि वर काळी शेड. मला नाही आवडत, झोपताना उशाशी पिस्तूल कशाला, पण दिवा एका जागी असतो आणि वर शेड बघून कोणी फसत नाही, खिशातल्या मुठीचं तसं नाही.

आणि ‘लोक काय म्हणतील’ सांगून 19 वर्षांचं पोरगं ऐकणार नाही, कलम 28 सांगून बघा, नाहीतर सरळ साधं कव्हर तुम्हीच आणून द्या, दीडदोनशेत येतं.