आईच्या ग्रीन कार्डची फाइल: शिकागो की सॅन होजे?

प्रश्न: मी अमेरिकन नागरिक आहे, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. आई पर्यटक व्हिसावर आली असताना तिच्यासाठी आय-130 (नात्याच्या आधारावर मी करायचा अर्ज) आणि आय-485 (आईचा स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र भरले. बोटांचे ठसे झाले, मुलाखतीचं पत्र अजून नाही. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई पुढच्या महिन्यात सहा महिने सॅन होजेला जाईल. बहीण म्हणते, तिकडचं ऑफिस भराभर कामं उरकतं, पत्ता आत्ताच बदलून टाक. शिवाय मार्गशीर्षात नाशिकला आईच्या भाचीचं लग्न आहे. काय करावं?

उत्तर: पत्ता बदलावा लागेल, पण आत्ता नाही, आणि बहीण सांगते त्या कारणासाठी तर नाहीच.

तुम्ही कागद पाठवले ते लॉकबॉक्सला, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राला. तिथे फी जमा होते, कागद स्कॅन होतात, पावती निघते. निर्णय होत नाही. नागरिकाच्या आईवडिलांच्या अशा फायली पुढे साधारणपणे मिसुरीतल्या लीज समिटच्या नॅशनल बेनिफिट्स सेंटरकडे जातात. तिथे तपासणी होते आणि मुलाखत लागणार असेल तर फाइल फील्ड ऑफिसला, म्हणजे मुलाखत घेणाऱ्या स्थानिक कार्यालयाला पोचते. पावतीचा नंबर आयओई (IOE) या अक्षरांनी सुरू होत असेल तर त्यावरून ऑफिस ओळखायला जाऊ नका. ती फक्त इलेक्ट्रॉनिक नोंदीची खूण आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्या तीन अक्षरांवरून लोक कुंडल्या मांडतात, त्यांकडे दुर्लक्ष करा.

फील्ड ऑफिस ठरतं अर्जदाराच्या राहत्या घराच्या पिन कोडवरून, ज्याला तिकडे झिप म्हणतात. अर्जदार आई आहे, तुम्ही नाही. ती नेपरव्हिलला असेल तर शिकागो, सॅन होजेला राहायला गेली तर सॅन होजे. आणि ‘राहणं’ म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं आहे: माणूस प्रत्यक्षात मुख्यतः जिथे राहतो ते ठिकाण, मग त्याच्या मनात पुढे काहीही असो. आठ-पंधरा दिवसांची भेट म्हणजे राहणं नव्हे. सहा महिने मुलीच्या घरी, तिथलेच डॉक्टर, तिथेच पत्रं, हे माझ्या मते राहणंच आहे. म्हणून आई तिथे पोचल्यावर 10 दिवसांच्या आत पत्ता कळवावा लागतो. यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज हाताळणारं अमेरिकन सरकारी खातं, त्याच्या वेबसाइटवरच्या तुमच्या ऑनलाइन खात्यातून किंवा पत्ता-बदलाच्या एआर-11 फॉर्मने हे होतं. आय-485चा पावती नंबर त्यात न चुकता टाका, नाहीतर पत्ता एका नोंदीत बदलतो आणि फाइल जुन्याच पत्त्यावर राहते. आय-130 तुमचा अर्ज आहे, तुमचा पत्ता तोच राहणार, तिथे काही करायचं नाही.

ती नेपरव्हिलला असताना मात्र सॅन होजेचा पत्ता देऊ नका. मुलाखतीत अधिकारी शपथ देऊन फॉर्ममधली माहिती एकेक विचारतो, आणि राहत्या पत्त्यांचा पाच वर्षांचा हिशेब फॉर्ममध्येच असतो. पर्यटक व्हिसावर येताना इथे कायमचं राहायचा बेत होता का, हा प्रश्न तिला तसाही येऊ शकतो. त्यात खोट्या पत्त्याची भर कशाला? ऑफिसांच्या वेगांत फरक असतो, हे मान्य. पण चालू फाइल एकीकडून दुसरीकडे नेण्यातच बराच वेळ जातो. शिवाय नागरिकाच्या आईवडिलांची मुलाखत कधीकधी माफही होते, मग हा सगळा खटाटोप कुणासाठी?

खरी भीती टपालाची आहे. मुलाखतीचं पत्र चुकलं आणि आई हजर राहिली नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरून नाकारू शकतात. राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगळे देता येतात, ही सोय वापरा. राहता पत्ता सॅन होजेचा द्या, टपाल तुमच्या घरी येऊ द्या, कारण बाळंतिणीच्या घरी पेटी कोण रोज उघडणार? टपाल खात्याच्या पत्ता-बदलावर अवलंबून राहू नका. आई सहा महिन्यांनी परत आली की पुन्हा 10 दिवसांच्या आत कळवा.

आता लग्न. आई आय-485 प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोलशिवाय (बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देशाबाहेर गेली, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमचा आय-130 उरतो, पण मग सगळं परदेशातल्या व्हिसाच्या फायली हाताळणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे, आणि मुलाखत मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटला. पॅरोलसाठी आय-131 हा फॉर्म आजच भरा. आय-485 1 एप्रिल 2024 पासून पुढे भरला असेल तर आय-131ची फी वेगळी भरावी लागते. तातडीच्या परवानगीची सोय आजारपण, मृत्यू अशा प्रसंगांसाठी असते. लग्नाचं कारण सहसा चालत नाही. आणि आय-131ची पावती म्हणजे परवानगी नव्हे. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय आईचं तिकीट काढू नका.