केमो लांबवायला सांगणारे व्हिडिओ आणि घरातली माणसं

ताई, आईंच्या स्तनातली गाठ बायोप्सीत कॅन्सरची निघाली, डॉक्टरांनी केमो सांगितली, आणि मामा व्हिडिओ पाठवून म्हणताहेत की आधी दोन महिने हळद, कडुनिंब आणि उपास करून बघू. यावर कितपत विश्वास ठेवावा, असं तुम्ही विचारलंत. केमो लांबवू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

माझ्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता तेव्हा असाच एक व्हिडिओ बघून मी त्यांचा भात, पोळी, गोड सगळं बंद केलं. तीन आठवड्यांत वजन पाच किलोनं उतरलं आणि अशक्तपणामुळे केमोची पुढची सायकल, म्हणजे फेरी, पुढे ढकलावी लागली. ती रुखरुख अजून आहे, म्हणून एवढं लिहितोय.

‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल’ हे पटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण खाणं तोडलं की यकृत स्नायूंमधली प्रथिनं वापरून ग्लुकोज तयार करतं. गाठीला ते मिळत राहतं आणि पेशंट खंगतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योत सिंग सिद्धूंनी पत्नीच्या चौथ्या स्टेजच्या कॅन्सरवरच्या यशाचं श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, उपास यांना दिलं. ते व्हिडिओ घरोघरी पोचले. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं, की या पदार्थांनी कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही झालं होतं. फॉरवर्ड होता होता नेमकं तेच गळून पडलं.

म्हणून मामांबरोबर बसून त्यांनी पाठवलेला व्हिडिओ पुन्हा बघा. त्यातल्या पेशंटला कुठला कॅन्सर होता, कितवी स्टेज, ऑपरेशन किंवा केमो झाली होती का, हे कुठे सांगितलंय? आईंच्या रिपोर्टात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) लिहिलेलं असेल. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार त्यावर ठरतात. हे न विचारता सगळ्यांना एकच काढा सांगणाऱ्याला आईंच्या आजाराबद्दल काय कळणार? शेवटी पावडर मागवायचा नंबर असेल तर पुढे बघूच नका. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे.

‘लाखो लोकांनी पाहिलाय’ यालाही भुलू नका. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरवरचे यूट्यूबचे १५० व्हिडिओ तज्ज्ञांनी तपासले. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ७७ टक्क्यांमध्ये व्हिडिओत किंवा खालच्या प्रतिक्रियांत दिशाभूल करणारा किंवा एकांगी मजकूर सापडला, आणि दर्जा कमी असलेले व्हिडिओ जास्त पाहिले गेले होते.

मामांशी भांडू मात्र नका. बहिणीच्या काळजीपोटी ते शोधताहेत. त्यांना ओपीडीत सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. तरीही शंका राहिली तर सेकंड ओपिनियन लगेच घ्या, पण कॅन्सरच्याच डॉक्टरांचं. भाजी-आमटीतली हळद चालू राहू दे. हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. आणि आहारतज्ज्ञांची वेळ पहिल्या सायकलच्या आधीच घ्या. आम्ही ती घेतली तेव्हा वडिलांचं वजन उतरून झालं होतं.