उन्हाळ्यात ईजीटी वाढले, इंजिन झिजले का?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या टेस्ट बेंचवर छोटे टर्बोजेट आहे. त्या दिवसाच्या हवेप्रमाणे तक्त्यातून आरपीएम काढून ते चालवतो. जानेवारीत 12 अंशांना एक्झॉस्टचे तापमान, म्हणजे ईजीटी, 600 अंश होते. मेमध्ये 40 अंशांना 685. टर्बाइन झिजली का?
– विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही, ही वाढ हवेची आहे. आत येणारी हवा तापली की त्याच प्रमाणात पुढचा प्रत्येक टप्पा तापतो. म्हणून तुलनेआधी प्रत्येक नोंद 15 अंशांच्या प्रमाण दिवसावर आणावी लागते. हवेचे तापमान केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक 273.15) घेऊन 288.15ने, म्हणजे 15 अंशांच्या केल्विनने, भागा, हा थीटा. जानेवारीत तो 0.990, मेमध्ये 1.087. ईजीटीही केल्विनमध्ये घेऊन थीटाने भागा आणि परत सेल्सिअसमध्ये आणा : दोन्ही नोंदी 609 अंशांच्या आसपास येतात. हाच भागाकार सेल्सिअसमध्ये केलात तर 606 आणि 630 येतील आणि नसलेली झीज दिसेल! हे गणित जमते ते तुमचा तक्ता आरपीएम थीटाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो म्हणून. विमानातला फाडेक, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकही थ्रस्टसाठी वेग ठरवताना आत येणाऱ्या हवेचे तापमान धरतोच.

हवा इंजिनच्या तोंडाशी, सावलीत मोजा. तिथली 1 अंशाची चूक ईजीटीत 3 अंशांची होते.

इंधनप्रवाहाला डेल्टा आणि थीटाचे वर्गमूळ या दोन्हींच्या गुणाकाराने भागायचे. डेल्टा म्हणजे हवेचा दाब भागिले 1013.25 मिलिबार. इथे बरेच जण फसतात. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो, पुण्यातला खरा दाब त्याहून सुमारे 65 मिलिबार कमी. बातमीतला घेतलात तर इंजिन 6-7 टक्के कमी इंधन पिते असे वाटेल आणि खरी झीज झाकली जाईल.

दुरुस्त केलेले ईजीटी आणि इंधन दोन्ही हळूहळू चढत असतील, तर आधी कॉम्प्रेसर मळल्याचा संशय घ्या. मॅन्युअलप्रमाणे धुऊन पुन्हा नोंद घ्या. बरेचसे खाली आले तर मळच होता. ईजीटी एकटेच एका रनमध्ये उडाले आणि इंधन, आरपीएम जागेवर असतील, तर थर्मोकपल, म्हणजे ईजीटी मोजणारे सेन्सर तपासा. ती समांतर जोडलेली असतील तर एक तुटले तरी उरलेल्यांची सरासरी दिसतच राहते, म्हणून प्रत्येकाचा रोध सुटा मोजा.

प्रश्न : नासाच्या टर्बोफॅन इंजिनांच्या झिजेच्या डेटात एफडी-001 या संचावर शिकवलेले मॉडेल एफडी-002 या संचावर साफ चुकते. का?
– वाचक, हडपसर

उत्तर : एफडी-001मध्ये उड्डाणाची स्थिती एकच आहे, एफडी-002मध्ये सहा. स्थिती बदलताना सेन्सर एवढे उड्या मारतात की झीज त्यात बुडते. तीन सेटिंग-स्तंभांवरून सहा गट पाडा, प्रत्येक गटाची सरासरी वजा करून त्याच्याच प्रमाण विचलनाने भागा. आणि तपासणीसाठी डेटा वेगळा काढताना अख्खी इंजिने काढा, सुट्या ओळी नकोत. एकाच इंजिनच्या शेजारच्या ओळी दोन्हीकडे गेल्या तर निकाल खोटाच चांगला दिसतो.