रंगछटांमध्ये पट्टे का उमटतात?

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेसाठी मी गोदाघाटावर संध्याकाळी मोबाइलवर काढलेला फोटो गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण पुसट करून जांभळ्या रंगाची अमूर्त पार्श्वभूमी तयार केली. पडद्यावर ती छान दिसत होती, पण छापून आल्यावर तीत आडवे पट्टे उमटले. छापखानेवाले म्हणतात, दोष फाइलमध्येच आहे. हे खरे आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : छापखान्याचे म्हणणे बहुधा खरे आहे. नेहमीच्या ८ बिट चित्रात लाल, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येकाच्या २५६ पायऱ्याच असतात. तुमची पत्रिका १० इंच उंच धरली आणि ती ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल) छापली, तर उंचीत ३००० पिक्सेल येतात; तेवढ्या अंतरात रंगाचे मूल्य समजा ४० वरून ७० पर्यंतच चढले, तर प्रत्येक पायरी १०० पिक्सेलची, म्हणजे कागदावर सुमारे साडेआठ मिलिमीटरची होते आणि एवढा पट्टा डोळ्यांना खटकतोच. दोन टोकांच्या छटा जितक्या जवळच्या, तितके पट्टे रुंद.

यासाठी मूळ फोटो उघडताच, इतर काहीही करण्याआधी, ‘इमेज’ मेनूतील ‘प्रिसिजन’मध्ये जाऊन चित्र १६ बिट करावे (म्हणजे प्रत्येक रंगाला कितीतरी जास्त पायऱ्या मिळतात) आणि मगच गॉशियन ब्लर, म्हणजे सगळीकडे सारखा पुसटपणा आणणारा फिल्टर, द्यावा; ही सोय गिम्पच्या २.१० पासूनच्या आवृत्त्यांत आहे. आधीच पुसट करून ८ बिटमध्ये साठवलेल्या चित्राचे बिट नंतर वाढवण्यात अर्थ नाही, कारण मधल्या छटा तोवर गळून गेलेल्या असतात.

त्यानंतर, अगदी शेवटी, चित्रावर किंचित नॉइज, म्हणजे विखुरलेले बारीक ठिपके, टाकावा. चित्र १०० टक्के आकारात पाहताना जेमतेम जाणवेल इतका रवाळपणा पुरे. त्यामुळे पायरीची सरळ कड विस्कटते आणि ८ बिटमध्ये साठवल्यावरही डोळा फसतो. हा क्रम उलटा करू नये, कारण नंतर दिलेला ब्लर तो रवा पुसून टाकतो. आकार कमी करण्यासाठी जास्त दाबलेल्या जेपेग फाइलमध्येही तो नाहीसा होतो, म्हणून छापखान्याला शक्यतो तपशील जपणारी टिफ फाइल द्यावी.

ढगांसारख्या छटा आपोआप काढणाऱ्या तयार ‘क्लाउड्स’ फिल्टरपेक्षा घाटाचा फोटो वापरण्याची तुमची कल्पना मला अधिक आवडली. त्या फिल्टरचा ढगाळपणा आता जागोजागी दिसतो. गॉशियन ब्लरऐवजी उभा मोशन ब्लर (एकाच दिशेने ओढल्यासारखा पुसटपणा) देऊन पाहा : पाण्यातल्या दिव्यांच्या प्रतिबिंबांच्या लांब सोनेरी रेघा होतात आणि त्यांच्यामुळे जांभळा भाग सपाट राहत नाही. सगळ्या प्रती छापण्याआधी सर्वांत गडद भागाची बोटभर पट्टी त्याच कागदावर छापून घ्यावी.