करपलेल्या भाकरीचा कट्टा

पोरी,

आत्याच्या महिला गटाच्या मसाल्यासाठी केलेले तुझे पाचही लोगो बघितले. रात्री साडेअकराला पाठवलेस आणि सकाळी सातला 'काका बघितले का' म्हणून मेसेज, आगं जरा दम धर, माणूस झोपतो सुद्धा. दोनदा बघितले, एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून. चष्मा लावून बघितले तेव्हा बरे वाटले, हात चांगला आहे तुझा, रेषा कुठं थरथरत नाही. चष्मा काढल्यावर मात्र पाचही सारखेच दिसले, एक हिरवट-तांबडा गोळा आणि खाली मुंग्यांची रांग.

एका गोलात तू काय काय बसवलंयस बघ. उखळ, मिरची, कढीपत्ता, उगवता सूर्य, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, वर गटाचं नाव, खाली इंग्रजी टॅगलाईन. मला माहितीय हे कसं झालं. आत्या म्हणली सूर्य टाक, सचिव बाई म्हणल्या मिरची पाहिजेच, कुणीतरी म्हणलं महिला गट आहे तर बाई नको का, आणि तू सगळ्यांचं मन राखलंस. लग्नपत्रिकेत हे चालतं, तिथं एक मावशी राहिली तर वर्षभर बोलत नाही. लोगोत नाही चालत.

हसू नको, मी यापेक्षा वाईट केलंय. लातुरात नुकतंच दुकान टाकलं होतं, एक कॉम्प्युटर, त्यात चित्रं काढायचं कोरल आणि मराठी टायपायचं श्रीलिपी, एवढंच भांडवल. एका दालमिलवाल्या शेटजींनी तूर डाळीच्या कट्ट्यासाठी, म्हणजे पोत्यासाठी, लोगो करायला सांगितला. मी आठ दिवस घातले त्यात. तुरीच्या शेंगा, मागून सूर्याची किरणं, पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल असं हळूहळू विरघळत जाणारं शेडिंग, त्या वेळी ते कोरलमधे करता येणं म्हणजे लै मोठी गोष्ट वाटायची. शेटजींना चकचकीत कागदावर प्रिंट काढून दाखवली, ते खूश, मी खूश.

मग कट्टे छापायला गेले. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेला कट्टा असतो, त्यावर रबरी ब्लॉकनं एकाच रंगात छापायचं, शाई पातळ, आणि विणीच्या खाचांमधे बारीक रेषा गायबच होतात. छापणाऱ्यानं फाईल बघितली आणि मला फोन केला, साहेब हे एका रंगात कसं बसायचं? मी त्याला वरच्या आवाजात म्हणलं, बसवा. त्यानं बसवलं. शेंगा गेल्या, किरणं गेली, शेडिंगचा एकच काळा डाग झाला, कडा फाटल्यासारख्या, मधे दोन-चार पांढरे ठिपके. हुबेहूब करपलेली भाकर. पाच हजार कट्टे.

मी चार दिवस शेटजींच्या मिलकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तर हमाल कट्टे उतरवत होते आणि एकजण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, आरं ते नाही, करपलेल्या भाकरीचा कट्टा घे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या महिन्यात मी तोंड पाडून शेटजींना म्हणलं, फुकट नवीन करून देतो, तर ते म्हणले राहू दे, बाजारात आता भाकरीचा कट्टा म्हणूनच मागायलेत. शेवटी मी एवढंच केलं की त्या डागाच्या कडा नीट केल्या, गोल केला, ठिपके जागेवर बसवले, आणि खरोखरची भाकर काढून दिली, एका रंगात. डाळीच्या कट्ट्यावर भाकर, तशी जोडी वाईट नाही. त्यातलं माझं म्हणशील तर फक्त कडा.

शेटजींनी जे बाजारात बसून ओळखलं ते मोठ्या कंपन्यांना सुद्धा कळत नाही कधी कधी. 2009 साली अमेरिकेत ट्रॉपिकाना ज्यूसवाल्यांनी खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्र काढून ज्यूसचा ग्लास टाकला, दिसायला स्वच्छ, मॉडर्न वगैरे. गिऱ्हाइकाला आपलं खोकं फळीवर सापडेना. खप पडला, आणि दोन महिन्यांच्या आत संत्र परत आणावं लागलं.

आपल्याकडं ब्रँडिंग हा शब्द यायच्या आधीपासून 'छाप' हा शब्द आहे बघ. गाय छाप, कासव छाप, बंदर छाप. तंबाखू वाईटच, पण ज्या म्हाताऱ्याला एक अक्षर वाचता येत नाही त्याला गाय ओळखता येते, आणि दुकानदाराला काय मागायचं तेही कळतं. म्हणून मी लोगो बघताना तो काय सांगतो हे विचारतच नाही, लोक त्याला काय म्हणतील ते विचारतो. तुझा लोगो हातात धरून मी बायकोला विचारलं, हे कुठलं छाप? ती म्हणली, सूर्य छाप? मिरची छाप? मग म्हणली, बाई छाप. म्हणजे कुठलंच नाही.

स्टेट बँकेचं चिन्ह आठव. निळा गोल, मधे छोटं भोक, तिथून खाली एक चीर. एनआयडी या डिझाईन शिकवणाऱ्या संस्थेच्या शेखर कामतांनी 1971 मधे केलेलं. कुणी त्याला कुलपाचं भोक म्हणतं, कुणी अहमदाबादचा कांकरिया तलाव म्हणतं, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, पण धुळीत बोटानं काढलं तरी ओळखू येतं. पासबुकावर, शिक्क्यात, हायवेवरच्या पाटीवर, कुठंही मोडत नाही. तुझ्या गटाच्या पावतीबुकावर रबरी शिक्का मारायचाय ना, तो असतो इंचभर. त्यात ती पाटीवाली बाई मावते का बघ. व्हॉट्सॲपच्या डीपीत बघ. आणि पहिल्यांदा कायम काळ्या-पांढऱ्यात कर, रंग शेवटी. स्क्रीनवरचा तो पोपटी रंग छापल्यावर शेवाळासारखा येतो, ते एकदा स्वतःचे पैसे घालून छापल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा त्यावर मी जास्त बोलत नाही.

आता अक्षरांबद्दल, इथं मला खरंच राग आला. 'मसाला' मधला ल बघ तुझा. उजवीकडं सरळ उभा दांडा आहे त्याला. तो हिंदीचा ल आहे पोरी! आपला ल पाकळ्यांचा, शाळेत बाईंनी गिरवून घेतला होता तो. श चं पण तेच, आपला श देठाचा. 2009 च्या शासन निर्णयात सुद्धा 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असंच लिहिलंय, म्हणजे हे माझं खूळ नाही. तू फुकटचा फॉन्ट उतरवून घेतलास आणि जे आलं ते ठेवलं. बऱ्याच फॉन्टात मराठीचा ल आत लपून बसलेला असतो, सॉफ्टवेअरमधे भाषा मराठी केली की वर येतो, नाहीतर ग्लिफच्या, म्हणजे अक्षरांच्या सगळ्या रूपांच्या, पॅनेलमधून शोधून काढावा लागतो. तिरो देवनागरी मराठी नावाचा तर खास मराठीसाठीच केलेला फॉन्ट आहे, फुकट मिळतो. आणि खरं म्हणशील तर चार अक्षरांसाठी फॉन्ट कशाला, हातानं काढ की. गावात एखादा जुना पेंटर असेल तर त्याच्यापाशी दोन दिवस बस. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम नाही, चहा पाजलास तरी शिकवतील. मात्रा किती लांबवायची, वेलांटी शिरोरेघेवरून कशी उचलायची, हे त्यांच्या मनगटात आहे. मला अजून त्यांच्यासारखं जमत नाही.

पाच पर्याय दाखवू नको कुणाला. पॉल रँड या अमेरिकेतल्या नामांकित डिझायनरनी स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीला 1986 साली एकच लोगो दिला, एक लाख डॉलर घेतले, आणि पर्याय मागितले तर देणार नाही म्हणून सांगितलं. आपण रँड नाही, आपल्याला मालक म्हणतो बरं मग दुसऱ्याकडून करून घेतो. म्हणून दोन दाखव. पाच दाखवलेस की ते एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय जोडायला सांगणार, सांगणारच.

कढीपत्त्याचं ते पान कॅनव्हा या डिझाईनच्या वेबसाईटवरून उचललंयस ना? तेच पान मी गेल्या महिन्यात एका आयुर्वेदिक तेलावर बघितलं. त्यांच्या लायब्ररीतलं चित्र वापरून ट्रेडमार्क करता येत नाही, त्यांच्या अटींतच आहे तसं. आणि ट्रेडमार्क कराच, आत्याला सांग. लघुउद्योग म्हणून ऑनलाईन अर्ज केला तर एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका प्रकाराला, 4,500 रुपये फी आहे, नोंदणी झाली की 10 वर्षं बघायला नको. पण आधी सरकारी साईटवर नाव शोधा. माझ्या एका गिऱ्हाइकाला पाकिटं छापून झाल्यावर वकिलाची नोटीस आली होती, तेच नाव दुसऱ्याचं निघालं. अजून ती पाकिटं त्याच्या माळ्यावर आहेत, पोरं त्याच्यात पतंगाचा मांजा ठेवतात.

पैशाचं एकच सांगतो, अर्धे आधी घे. घरचा गट असला तरी घे, आत्याला राग आला तर माझं नाव सांग. आणि फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून दे, नाहीतर फ्लेक्सवाल्याकडं तो फॉन्ट नसला की तुझ्या 'मसाला' शब्दाचे चौकोन होतील.

तर आता असं कर. पाचही बाजूला ठेव. गटाच्या बायका कांडायला बसतील तेव्हा वही घेऊन जा, लॅपटॉप नको नेऊ. त्यांना लोगो कसा पाहिजे असं विचारूच नको. विचार की शेजारणीनं तुमचा मसाला दुकानातून आणायला पोराला पाठवलं तर त्याला काय म्हणून मागायला सांगेल. त्या जे म्हणतील ते तसंच्या तसं लिहून घे, हसल्या तरी लिहून घे. मला वाटतंय उखळ निघेल, पण माझं वाटणं सोड.

रविवारी लातूरला येणार म्हणलीस ना, तर वही घेऊन ये. आणि काकूनं येसर मसाला सांगितलाय पावशेर, साध्या पिशवीत बांधून आणलास तरी चालेल.

तुझा,
काका