अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल हयातीत अपयशी का ठरला? ‘मोबी डिक’ची कोणती आवृत्ती घ्यावी?

‘काळाच्या पुढे जन्मला’ हे ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. त्याच काळातल्या वाचकांनी १८४६ साली त्याचं पहिलं पुस्तक ‘टायपी’ आवडीने वाचलं होतं.

१८५१ मध्ये देवमाशाच्या शिकारीवरची त्याची कादंबरी ‘मोबी डिक’ निघताना काय झालं ते पाहा. ब्रिटनमधला कॉपीराइट टिकवायचा तर पुस्तक आधी तिकडे निघावं लागे. म्हणून मेलव्हिलने न्यूयॉर्कमध्ये पदरच्या पैशाने छपाईची जुळणी करून घेतली आणि प्रुफं लंडनचा प्रकाशक रिचर्ड बेंटलीकडे धाडली. बेंटलीने १८ ऑक्टोबरला ते ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत काढलं, प्रती ५००. धर्माला आणि राजघराण्याला झोंबेल तो मजकूर कापला. राज्याभिषेकाच्या तेलावरचं २५वं प्रकरण अख्खं उडवलं. सुरुवातीची अवतरणं शेवटी गेली. आणि उपसंहार छापलाच गेला नाही! जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल शवपेटीच्या आधाराने तरंगतो, ‘रेचल’ जहाज त्याला उचलतं, हे सगळं त्या छोट्याशा मजकुरात आहे. तो नाही म्हणजे सगळे मेले. मग गोष्ट सांगतंय कोण? लंडनच्या काही समीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. लंडनच्या ‘अथेनियम’ या साप्ताहिकाचं झोडपणारं परीक्षण बोस्टनच्या एका पत्राने तसंच उचललं. अमेरिकेत १४ नोव्हेंबरला निघालेल्या आवृत्तीत उपसंहार शाबूत होता, तरीही!

अमेरिकेतला प्रकाशक हार्पर याच्याकडून मेलव्हिलला या पुस्तकाचे आयुष्यभरात जेमतेम ५५६ डॉलर मिळाले. डिसेंबर १८५३ च्या आगीत हार्परकडच्या शिल्लक प्रतीही जळाल्या. १८६६ पासून १९ वर्षं तो न्यूयॉर्कच्या गोदीत कस्टम्स इन्स्पेक्टर होता, सुरुवातीला रोज ४ डॉलरवर.

आवृत्ती घेताना १३५ प्रकरणं आणि उपसंहार आहे ना, हे दुकानातच पाहा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि न्यूबेरी ग्रंथालय यांनी १९८८ मध्ये दोन्ही आवृत्त्या ताडून पाठ सिद्ध केला, तो घ्या. संक्षिप्त आवृत्ती नकोच. ‘देवमाशांच्या माहितीची प्रकरणं गाळा’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ६०वं प्रकरण घ्या: पाऊण इंचाहून बारीक, दोनशे वावांहून लांब हार्पूनचा दोर टबात एकही पीळ न पडू देता कसा गुंडाळतात, तो होडीभर वल्हेकऱ्यांच्या अंगाजवळून कसा फिरतो, वेढ्यात सापडलेला माणूस कसा खेचला जातो. हे गाळलंत तर जहाजाचा कप्तान एहॅब याचा शेवट नुसता अपघात वाटेल. तो याच दोराने जातो.

मात्र सगळं खापर बेंटलीवर फोडता येणार नाही. लंडनमध्ये चांगली परीक्षणंही आली होती. आणि १८५२ ची त्याची पुढची कादंबरी ‘पिएर’ वाचून तर न्यूयॉर्कच्या एका पत्राने ‘हर्मन मेलव्हिल वेडा’ असा मथळा दिला. तिथे छपाईचा काहीच दोष नव्हता.