मांजा की मांझा? आणि यात मांजर कुठून आलं

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत: संक्रांतीला पतंगच का उडवतात, त्याच्या दोऱ्याला मांजा म्हणायचं की मांझा, आणि हा शब्द मुळात कुठला. मी मधल्यापासून सुरुवात करते, कारण जानेवारी लागला की टीव्हीवर, पेपरात, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे मांझा मांझा सुरू होतं आणि माझं डोकं उठतं. मराठीत मांजा. ज. जावयातला ज, जिवातला नाही, आणि झ तर कुठेच नाही.

'पतंग' शब्दावर मी फार लिहीत नाही. पत् धातू, उडतो तो पतंग, म्हणून पक्षीही पतंग, दिव्यावर झेपावणारा किडाही पतंग आणि सूर्यही पतंग, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १७७वं सूक्त त्याचंच आहे. दर संक्रांतीला कुणी ना कुणी हे लिहितंच. फक्त एवढंच सांगते की मराठीत तो पतंग असतो. 'पतंग उडवली' हे हिंदीचं वळण आहे, नागपूरकडे ते इतकं मुरलंय की तिथल्या लोकांशी मी वाद घालत नाही, पण पुण्या-नाशकात तरी पतंग उडवला म्हणा. आणि आपला अस्सल जुना शब्द वावडी, तो आता फक्त 'वावड्या उठल्या'मध्ये उरलाय. अफवेला वावडी का म्हणतात असं विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही, वाऱ्यावर सोडलेला पतंग आहे तो, दुसरं काय!

आता मांजा. पहिली चूक झ-ची नाहीच, पहिली चूक अशी की मांजा म्हणजे दोरा असं सगळे धरून चालतात. मांजा म्हणजे दोरा नाही. मांजा म्हणजे दोऱ्याला लावायचा लेप. भाताची घट्ट पेज किंवा खळ, वस्त्रगाळ काचेची पूड, थोडा रंग, आणि ज्याचं त्याचं एखादं गुपित. हा लेप चढला की मग अख्ख्या दोऱ्यालाच मांजा म्हणायला लागले, जसं आपण डांबर टाकलेल्या रस्त्याला नुसतं डांबरी म्हणतो तसं. न लावलेल्या दोऱ्याला नागपुरात सद्दी म्हणतात, म्हणजे साधी. हा फरक ज्यांना हातानं माहीत होता त्यांच्या बोलण्यात तो कायम असायचा.

माझं आजोळ येवल्याचं. पैठणीचं गाव म्हणून लोकांना माहितीये पण संक्रांतीला तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, खाली हलकडी वाजत असते, आणि पतंग कापला की 'गई बोला रे'चा जो ओरडा उठतो तो पार वेशीपर्यंत जातो. तिथे मामा मांजा सुतायचा. फुटके बल्ब खलबत्त्यात कुटायचे, जुन्या धोतराच्या फडक्यातून पूड चाळायची, पेजेत कालवायची. दोरा दोन खांबांना फेऱ्या घालून ताणलेला. मग मामा बोटांना चिंध्या गुंडाळून तो गोळा मुठीत घ्यायचा आणि दोरा मुठीतून सोडत या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायचा, परत यायचा, परत जायचा. पहिल्या फेरीत नुसता चिकट, तिसऱ्या-चौथ्या फेरीला दोऱ्यावरून हळूच नख फिरवलं की खर्र असा बारीक आवाज यायचा, तो आला की झालं. वाळला की आसारीवर गुंडाळायचा. फिरकी म्हणा, चक्री म्हणा, येवल्यात ती आसारी आणि ती धरायचं काम माझ्याकडे असायचं.

आता हे सगळं करताना हात काय करतोय ते बघा. घासतोय. पुसतोय. हिंदीत भांडी घासणं म्हणजे बर्तन माँजना, गुजरातीत वासण मांजवां. मूळ संस्कृत धातू मृज्, पुसणं, घासून लख्ख करणं. त्यातूनच मार्जन, त्यातूनच आपण चुकांचं करतो ते परिमार्जन, त्यातूनच दात घासायचं दंतमंजन. आघाड्याला संस्कृतात अपामार्ग म्हणतात तोही याच धातूचा, पुसून टाकणारा. आणि मांजर! सारखं जिभेनं अंग पुसत बसणारा प्राणी तो मार्जार, त्याचं मांजर. म्हणजे मांजा आणि मांजर हे सख्खे नाहीत तरी चुलत भाऊ आहेत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला धरून धरून सांगितलं होतं. मांजराची जीभ कधी हातावर फिरलीये का? खरखरीत असते. बरोबर चौथ्या फेरीच्या दोऱ्यासारखी. एकीकडे घासणारी जीभ खरखरीत, दुसरीकडे घासून घासून खरखरीत झालेला दोरा, आणि दोघांच्या मुळाशी एकच मृज्.

कुणी म्हणेल मार्जारमध्ये अनुस्वार कुठाय, तो मांजरात कुठून आला. याचं उत्तर बाराव्या शतकात हेमचंद्रांनी देऊन ठेवलंय. आपल्या व्याकरणाच्या प्राकृत भागात त्यांनी अशा शब्दांची यादीच दिलीये ज्यांच्यात जोडाक्षर मोडून त्याच्या जागी अनुस्वार येतो. वक्रचं वंक (आपला वाकडा, जुन्या छपाईत वांकडा), अश्रूचं अंसु, पुच्छचं पुंछ, वृश्चिकचं विंछिअ म्हणजे आपला विंचू, आणि त्याच यादीत मार्जारचं मंजार. मार्जनचं मंजन होतं ते याच वाटेनं आणि मांजा त्याच घरातला. आणि हे हेमचंद्र राहायचे कुठे तर गुजरातेत, अणहिलवाड पाटणला, म्हणजे आज ज्या मुलखात उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, आख्खं राज्य गच्चीवर चढतं तिथेच.

आता काही विद्वान मंडळी ठामपणे सांगतात की मांझा हा 'मध्य'पासून आला, पतंग आणि माणूस यांच्या मधला दोरा म्हणून मांझा. ऐकायला गोड आहे, पण साफ चूक. मध्यपासून हिंदीत माँझ येतं, मझधार येतं, हे खरं. पण दोरा हा मूळ अर्थच नाहीये तर 'मधला दोरा' कुठून आणणार? मधे लेप असतो का? त्यांचं उत्तर ठरलेलं, मराठीत मध्यगृहाचं माजघर झालंच की, झ-चा ज होतो. हो, होतो, आणि म्हणूनच याचा निकाल मराठीवरून लावता येत नाही, त्यासाठी बंगालीकडे जावं लागतं. बंगालीत मध्यचं माझ, नावाड्याला माझी, झ शाबूत आहे. पण पतंगाच्या दोऱ्याला काय लावतात? मांजा. ज-चा. मध्यपासून असता तर तिथे मांझा झाला असता. गुजरातीतही मांजो, ज-चाच. झ फक्त हिंदीच्या एका रूपात आहे आणि आपण नेमकं तेच उचलून मराठी बातम्यांत घातलंय.

आणि बंगालीत गंमत पुढेच आहे. सुताला मांजा 'देतात', आणि कुणी नटूनथटून निघालं तरी त्यानं मांजा दिलाय असंच म्हणतात! घासून चमकवणं हा अर्थ याच्यापेक्षा उघड कसा असणार. हिंदीत मुरलेल्या खेळाडूला मँजा हुआ म्हणतात तेही हेच. गुजरातीत दोरी 'पिवडावतात', दोरीला मांजा पाजतात. चेन्नईत मांजा नूल म्हणतात, नूल म्हणजे दोरा, म्हणजे त्यांच्याही डोक्यात मांजा वेगळा आणि दोरा वेगळा. इतक्या भाषा एका सुरात सांगतायत आणि तरी आमच्या तज्ज्ञांना मध्यच हवाय.

दोरीला दोरी म्हणायची चांगली सवय तर आपल्याकडे जुनी आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांचं पद आहे, कागद आणला, कापून गूडी केली, ती आकाशात फिरतीये आणि उडवणारा पाचजणांशी गप्पा मारतोय पण चित्त मात्र डोरीवर. गूडी म्हणजे पतंग. पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला पतंग उडवणाऱ्याची नजर इतकी नेमकी दिसली होती.

यावरून 'नायलॉन मांजा'. हा शब्द ऐकला की मला खरंच त्रास होतो, फक्त भाषेचा नाही. तो कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा दोरा आहे, कुणी मुठीत धरून घासलेला नाही. त्यावर काचेची किंवा धातूची पूड चढवलेली असली तर ती पूड मांजा म्हणा हवं तर, खालचा दोरा मांजा नाही. सुती दोरा ताण आला की तुटतो, पावसात कुजतो. नायलॉनचा तुटत नाही, दुचाकीवरच्या माणसाचा गळा कापतो, झाडात अडकून वर्षभर पाखरांचे पंख कापत राहतो. राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ ला त्यावर देशभर बंदी घातली तरी दरवर्षी तो मिळतोच, आणि पकडला की बातमीत मांजा पकडला असं येतं. मांजा नाही पकडला. नायलॉनचा दोरा पकडला. तसंच लिहा. चायनीज मांजा तर दोन्हीकडून खोटं, तो बहुतेक इथेच बनतो. सुती दोऱ्यावर मांजा सुतणारी माणसं अजून आहेत, बरेलीत आहेत, सुरतेत आहेत, त्यांच्या हातच्या कामाचं नाव ह्या प्लास्टिकला का द्यायचं?

आणि हो, संक्रांतीला पतंग का. थंडीत अंगावर ऊन पडावं म्हणून पूर्वजांनी पतंग लावून दिला, असं हल्ली सगळीकडे फिरतं. मला ते पटत नाही. कोलकात्यात पतंग उडतात विश्वकर्मा पूजेला, सप्टेंबरात. दिल्लीत १५ ऑगस्टला. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघट म्हणतात त्याला. ऑगस्टात दिल्लीत ऊन खायला कुणी गच्चीवर जात नाही. जिथे ज्या दिवसांत वारा एका बाजूनं लागतो आणि लोकांना सुट्टी असते तिथे पतंग उडतो, असं माझं मत. गुजरातेत आणि आपल्या नाशिक-नागपूरकडे ते संक्रांतीला जुळलं, सुगी घरात आलेली, आभाळ मोकळं. अहमदाबादचा आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव १९८९ पासूनचा, पण तिथलं खरं उत्तरायण म्हणजे पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधल्या गच्च्या, उंधियु, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. तिथला ओरडा 'कायपो छे', म्हणजे कापला आहे. नागपुरात ओ काट. आमचं गई बोला रे.

मी सध्या या कामाची क्रियापदं गोळा करतीये. बंगालीत मांजा देतात, गुजरातीत पाजतात, येवल्यात सुततात. तुमच्याकडे काय करतात ते कळवा, खानदेश आणि कोकणातल्या लोकांनी तर नक्की, आणि वावडीला काय लावायचे, की काहीच लावायचे नाहीत, तेही घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून सांगा.